उलट्या तोंडाचा रेडिएटर

पप्पांची अँबॅसिडर माझ्याहून वयाने मोठी. आमच्या गुंद गावातून अडलेल्या बायांना जोयड्याच्या दवाखान्यात पोचवणारी. रेडिएटर गळायला लागला की पप्पा त्यात मूठभर हळद टाकायचे. हळद भोकात बसते, गळती थांबते. आमच्याकडचे सगळेच जुने ड्रायव्हर असं करतात. यंदा मात्र गाडी चढावर वाफ सोडायला लागली. मेकॅनिकने रेडिएटर उतरवला तेव्हा त्यातून पिवळा चिखल पडला.

"मामा, आता ह्याला फोडणीच देऊया," तो म्हणाला. पप्पा हसले नाहीत.

दुरुस्त होण्यासारखं काही उरलं नव्हतं. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. पप्पांनी त्याला सांगितलं, "सोमवारपतोर दुसरा मिळाला न्हाई, तर गाडी घेऊन जा."

पप्पांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, धुळीत जायला मनाई. मी फोनवरून इंग्रजीत दहा ठिकाणी मेसेज केले. समोर बोलण्यापेक्षा मला ते सोपं जातं. दोघांचं उत्तर आलं, नाही म्हणून. शेवटी जुना रेडिएटर पोत्यात घालून मी एकटी बसने बेळगावला गेले.

जुन्या पार्टच्या चौथ्या दुकानात एक सापडला. दुकानदाराने धूळ झटकून तो आमच्या रेडिएटरशेजारी उभा केला.

"ह्योच की अक्का. डोळे झाकून न्या."

खालच्या पाइपचं तोंड आमच्याला डावीकडे होतं, ह्याला उजवीकडे. मला ते लगेच दिसलं. दुकानात चार-पाच पुरुष चहा पीत माझ्याकडे बघत होते. वाटलं, मलाच कळत नसेल.

"जुना ठेवून जावा. पितळेचे पैसे वजा करतो."

मी मान डोलावली आणि उरलेले पैसे दिले.

घरी पप्पांनी पोतं सोडलं, खालची कड बोटांनी चाचपली आणि थांबले. "ह्येचं तोंड उलट्या बाजूला हाय, बाय." त्या बाजूला पंख्याचा पट्टा, पाइप वळवून न्यायला जागाच नव्हती. सकाळी पावतीवरच्या नंबरला फोन केला. आमचा रेडिएटर आदल्या संध्याकाळीच फोडला होता, त्यामुळे दुकानदार हा परत घ्यायला तयार नव्हता.

"दुकानात दिसलं न्हाई व्हय तुला?" पप्पांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"तुला तरी काय ठाव त्यातलं. मीच जायला पायजे हुतं."

सोमवारी भंगारवाल्याने गाडीला टेम्पोचा दोर बांधला. आमची वाट अरुंद, कडेला भाताचं शेत. स्टीअरिंग कुणीतरी धरायला हवं होतं. पप्पा काळा चष्मा लावून आत बसले. डांबरी रस्त्यापर्यंत त्यांनी ती नीट नेली. मग उतरले, दार लावलं, लागलंय का ते पुन्हा एकदा ओढून बघितलं.

मी अंगणात उभी होते. ते मागे वळायच्या आत मी घरात गेले.