आण्णांच्या देवळात 'ज्वालापीठ'

मी पुस्तक घेताना फक्त पुढचं आणि मागचं पान वाचतो. मधलं वाचायला माझे सासरे आहेत.

सासरे म्हणजे आमचे आण्णा, कंधारजवळच्या एका खेड्यात राहतात. अधिक महिन्यात मारुतीच्या देवळात पोथी वाचायचा मान त्यांचा. मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला, वाचन सुटलं, आणि गावाला गोष्टी सांगणारा माणूस घरात भिंतीकडं तोंड करून बसायला लागला. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि त्यांनी मला फोन केला. "जावईबापू, अधिक आला. जुन्या पोथीचं अक्षर लई बारीक हाय. एखादा मोठ्या अक्षराचा ग्रंथ बघा तेवढा."

नांदेडात बसस्टँडजवळ पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. मी स्कूटर भलत्याच जागी लावून आत शिरलो, त्यामुळं निवडीला फार वेळ नव्हता. समोरच एक जाडजूड पुस्तक. भगवं मुखपृष्ठ, त्यावर पांढऱ्या दाढीचे बाबा, तळहातावर ज्योत, मागं फणा काढलेला नाग. नाव 'ज्वालापीठ, पर्व पहिले'. (पर्व म्हटल्यावर महाभारताच्या खाली कुणाचं मन उतरेल?) मागं छापलेलं, 'एक शाप. एक गुरू. अग्नीतून जन्मलेली कन्या. सत्याच्या शोधात निघालेल्यांना परतीची वाट नसते.' मला तर गहिवरूनच आलं. अक्षरही मोठं होतं.

आण्णांनी नारळ फोडला, ग्रंथ लाल कपड्यात बांधला आणि वाचन सुरू केलं. मेव्हण्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यांनी हात जोडले. फक्त लातूरच्या होस्टेलवरून आमच्या मुलीचा, सायलीचा फोन आला. आजोबांच्या हातात ज्वालापीठ कसं, म्हणून तिनं विचारलं. मी अभिमानानं सांगितलं की तो ग्रंथ मीच निवडला.

"बाबा, ती कादंबरी आहे. आमच्या होस्टेलच्या सगळ्या पोरींनी वाचलीये. ते बाबा जादूगार आहेत आणि तो नाग नाही, ड्रॅगन आहे." मग जरा थांबून म्हणाली, "गुहेतलं प्रकरण आजोबांनी एकट्यानं वाचलं तर बरं."

गुहेत काय आहे ते तिनं सांगितलं नाही. असलं बापानं विचारायचंही नसतं.

माझ्या बायकोचा, सुनंदाचा चेहरा उतरला. गावात तिच्या वडिलांच्या शब्दाला मान. लोक हसले तर ते पुन्हा भिंतीकडं तोंड करून बसतील, म्हणाली, आणि मग तुम्हीही बसा त्यांच्या शेजारी.

धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं होतंच. मी मोठ्या अक्षराचा खराखुरा ग्रंथ घेतला, पिशवीत लपवला, आणि गुपचूप अदलाबदल करायच्या इराद्यानं सुनंदासह सासुरवाडी गाठली. अनारसे समोर आले, पुरणाचे धोंडे आले, वरून तूप आलं. कबुली द्यायला तोंड उघडलं की त्यात कुणीतरी घास घालत होतं.

संध्याकाळी देवळाशी गेलो आणि पाय थबकले. बसायला जागा नाही. पोथीला कधी न फिरकणारी पोरं पायरीवर, बायका ओट्यावर, किराणा दुकानदार दुकान बंद करून पहिल्या रांगेत. त्यानं मला मोठ्या आदरानं विचारलं की अग्नीतून जन्मलेल्या नीरादेवीची ही कथा कोणत्या युगातली. मी त्रेता म्हणालो. पिशवीचं तोंड घट्ट आवळलं. आण्णांच्या चेहऱ्यावर असं तेज मी किती वर्षांनी बघत होतो.

पण त्यांचा गळा बसला होता. त्यांनी ग्रंथ माझ्यापुढं ठेवला आणि सगळ्यांदेखत सांगितलं की आज जावयाच्या मुखातून होऊ द्या. जावयाला नाही म्हणता येत नाही. मी मोरपिसाची खूण काढली आणि खणखणीत आवाजात सुरू केलं. नीरा धावत सुटली, मागं आग ओकणारा सर्प, ती एका गुहेत शिरली...

गुहा म्हटल्यावर मला सायलीचा फोन आठवला. पण आवाजानं जो वेग घेतला होता तो आवरेना. "'...आत शत्रूचा राजपुत्र उभा होता. त्यानं तिचा चेहरा ओंजळीत घेतला आणि तिच्या ओठांवर ओठ टेकवले.'"

सुनंदानं पदर तोंडावर ओढला. आण्णा मारुतीकडं एकटक बघत होते.

समोर बसलेली राधाक्का, गावातली सगळ्यात म्हातारी बाई, शेजारणीला शांतपणे म्हणाली, "आण्णा वाचतेत तवा ती दोघं एकमेकाला नमस्कार करतेत. जावई वाचाय बसले की लगेच हे."

आण्णांचा गळा त्याच क्षणी मोकळा झाला. त्यांनी ग्रंथ ओढून घेतला. "जावयाला नीट दिसत न्हाई. नमस्कारच हाय तिथं," म्हणाले, आणि पुढची दोन पानं नीरा आणि राजपुत्र गुहेत एकमेकांना वाकून वाकून नमस्कार करत राहिले. लई गुणाची लेकरं, असं बायकांचं मत पडलं.

दुसरं पर्व आण्णांनी परस्पर सायलीकडून मागवलंय. मला कुणी विचारलं नाही. निघताना राधाक्का काठी टेकत आली आणि माझ्या पिशवीत शेवग्याचा पाला कोंबून गेली, डोळ्याला बेस असतोय म्हणाली. आठवडा झाला, सुनंदा रोज त्याचीच भाजी करून राहिली. मी मुकाट्यानं खातो. नजरेत अजून काही फरक नाही.