वारसिदींची अळणी जीभ

आमच्या गावात समुद्र न बोलावता येतो. भरतीला देमाक शहराकडे जाणारा रस्ता गुडघाभर खाऱ्या पाण्याखाली जातो आणि आम्ही त्यातूनच गाड्या काढतो. महिन्याभरात वायरींच्या जोडांवर हिरवा थर चढतो नि गाडी हटून बसते.

अशा गाड्या पाक वारसिदींकडे जातात; पाक म्हणजे आमच्याकडे काका. बाकीचे मेकॅनिक जोडावर ग्रीस थापून मोकळे. तसं कुणी सुचवलं की वारसिदी म्हणायचे, "मीठ आत, वरून चिकटाण. वायरीचं लोणचं घालायचंय का तुला?" ते बॅटरी काढत, जोड उघडून घासत, साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवत, वाळवत आणि जिभेला लावून बघत. अळणी लागला तरच आवळायचा, ग्रीस त्याच्यानंतर.

आमच्या विहिरीच मचूळ, त्यामुळे आम्हाला खारट कळतच नाही. त्यांना कळे, कारण ते वर्षानुवर्षं बिनमिठाचा पांढरा भात खात. आमच्याकडे हे व्रत मंत्रसिद्धीसाठी करतात. वारसिदींनाही मंत्र येतो असंच मी समजत होतो.

माझ्या लेकीच्या, विनार्तीच्या डोहाळजेवणाला मी त्यांना खारवलेला मासा आग्रहाने वाढला. ते मुकाट जेवले. पोर आडवं आहे, कळा सुरू होताच इस्पितळ गाठा, असं सुईणीने बजावलं होतं. गावात पिकअप एकच, ती माझी. ती मी दुसऱ्याच दिवशी वारसिदींकडे टाकली. एका दिवसाच्या कामाला त्यांनी पाच दिवस लावले.

"पाक, म्हातारे झालात," मी टोमणा मारला.

"झालो असेन," ते म्हणाले.

तीन आठवड्यांनी, वेळेआधीच, भर भरतीत कळा सुरू झाल्या. वाटेत दोन मोटारी पाण्यात बंद पडलेल्या होत्या. आमची पिकअपही एकदा पाण्यात थांबली. विनार्ती ओरडत होती. मी किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात इंजिन बोललं. हा वारसिदींचा मंत्रच, असं मी धरून चाललो.

मायलेकी सुखरूप. मी बातमी सांगायला गेलो, तर वारसिदींची बायको सुरिप फणकारली, "तुझ्या माशाने यांची जीभ गेली होती. अळणी की खारट, कळेना. म्हणून एकेक जोड दहादा धुतला. प्यायच्या पावसाच्या पाण्याचा रांजण संपला. पाऊस पडेपर्यंत आम्ही विहिरीचं पाणी प्यायलो."

"मग 'नाही' का म्हणाला नाहीत, पाक?"

"लेकीच्या डोहाळजेवणाला कुणी नाही म्हणतं का?"

मी त्यांचा हात कपाळाला लावला. मंत्रापेक्षा हे मला मोठं वाटलं, आणि माझी लाजही वाटली. त्यांनी हात सोडवून घेतला.

"नात बघायला येईन. पण पिकअप इथंच ठेव. लेकीला घरी आणायचंय ना, त्याच पाण्यातून?"