वर केलेला हात

चहाच्या टपरीच्या भिंतीवर वर्तमानपत्रातला एक जुना फोटो चिकटवलाय. गोल मारून धावत सुटलेला एक पोरगा आणि त्याच्यामागे, जरा धूसर, हात वर केलेला बचावपटू. तो मी. हा गोल ऑफसाइड आहे, म्हणून पंचांकडे दाद मागत होतो. त्यांनी पाहिलंच नाही.

दर हंगामाला क्लब बदलत मी उभा जन्म चेंडू अडवले. अडवलेल्या चेंडूचा फोटो कुणी काढत नाही. आम्ही छापून येतो ते दुसऱ्यानं गोल मारल्यावर, तेही कोपऱ्यात.

"आमच्या गल्लीतला पोरगा," टपरीवाला गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगत होता.

गिऱ्हाइकानं फोटो निरखला. "मागच्यालाही काय आनंद झालाय बघा."

मी ग्लास खाली ठेवला. आता तर पंचही नव्हते.