तिसरं उत्तर

मी आज प्रोग्रामर आहे तो नागापूरच्या दादांमुळे. कारखान्यातली पाळी करून ते शाळांसाठीचं एक मोफत, सर्वांना खुलं सॉफ्टवेअर सांभाळायचे. पाथर्डीहून आलेल्या, घरातला पहिला पदवीधर असलेल्या मला त्यांनी त्या कामात घेतलं.

रोज सकाळी आम्ही सगळे ग्रुपवर तीन उत्तरं लिहायचो: काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. "अडलं की लगेच सांगायचं, लाजायचं न्हाई," दादा दरडावायचे. त्यांचं स्वतःचं तिसरं उत्तर मात्र कायम 'कुठंच नाही' असायचं.

दर पंधरवड्याला कामाचा आढावा घेताना ते आपली स्क्रीन आम्हाला दाखवायचे; तिच्यावरची अक्षरं दर वेळी मोठी होत होती. "दादा, दुकानाची पाटी रंगवताय का?" मी चेष्टा केली.

"व्हय, गिऱ्हाइकाला लांबून दिसाया पायजे," ते हसले.

गेल्या पंधरवड्याच्या आढाव्यात त्यांनी आपली सगळी कामं माझ्या नावावर केली. "आता अक्षर लागत न्हाई मला," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे वर्षभरापासून जात होते, हे मला तेव्हा कळलं.

मी त्यांना पत्र पाठवलं, बोटभर मोठी अक्षरं काढून:

'दादा, काल तुमचं राहिलेलं काम पुरं केलं. आज पुढचं घेतो. अडलंय ते इथं, की तुम्ही कुठं अडलात हे मी एकदाही विचारलं नाही.'