बाही लावलेला डबा

श्रीमती कुसुम मेश्राम यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या शाळेच्या व्हरांड्यात उन्हाला बसून एका चांगल्या धडधाकट स्वेटरची बटणं कापत होत्या. आलमबागच्या मागच्या गल्लीतली ती पाचवीपर्यंतची छोटी शाळा. माझ्या यजमानांची रेल्वेत बदली झाल्यामुळे आम्ही मिरजेहून लखनौला आलो होतो आणि मी डी.एड.चं प्रमाणपत्र घेऊन नोकरी मागायला गेले होते. मुख्याध्यापिका कुठे भेटतील, असं मी मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं. बाईंनी तोंडात धरलेला दोरा काढला आणि म्हणाल्या, "मराठी ना तू? बस. ही कात्री धर."

मुलाखत एवढीच झाली. तासाभरात आम्ही दोघींनी सात स्वेटरांची बटणं बदलली आणि तीन स्वेटरांच्या कडा उसवून दुसऱ्या रंगाच्या लोकरीने विणायला घेतल्या. चांगले कपडे असे बिघडवता का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "ज्याने दिला त्याला तो दुसऱ्याच्या अंगावर ओळखू येता कामा नये." मला ते उगाच किचकट काम वाटलं. लखनौची थंडी हाडं गोठवणारी असते, तेलीबागेतल्या मराठी बिऱ्हाडांतून बाई दर हिवाळ्यात स्वेटर मागून आणत, आणि मुलांना ते लवकर मिळणं महत्त्वाचं, कडा कसल्या विणत बसायच्या, असं माझं मत होतं. मत मी मनात ठेवलं, कारण नोकरी हवी होती.

बाई मूळच्या भंडारा जिल्ह्यातल्या. मेश्रामसाहेब केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्यामागे त्या या शहरात आल्या आणि इथल्याच होऊन गेल्या. मुलं त्यांना 'बड़ी बहनजी' म्हणत, आम्ही मराठी लोक नुसतं 'बाई'. आवाज कधी चढत नसे. चिडल्या की जास्त हळू बोलत आणि मग ऐकणाऱ्याला घाम फुटे.

शाळा ही फक्त शिक्षकांची नसते, यावर त्यांचा फार भर. महिन्यातून एकदा गल्लीतल्या कुणाला तरी त्या वर्गात बोलावून शिकवायला लावत. एकदा भाजीवाले रामखिलावन भैया आपला तराजू घेऊन आले. त्यांचा मुलगा तिसरीत होता, तो लाजून बाकाखाली जाऊन बसला. बाईंनी काही म्हटलं नाही. भैयांनी बटाटे मोजले, मग मुलांची दप्तरं मोजली, शेवटी बाईंची पर्स मोजली आणि म्हणाले, "बहनजी, आपके बैग में तो आधा किलो चॉक निकलेगा." सगळा वर्ग हसला, आणि बाकाखालून तो मुलगा बाहेर येऊन वडिलांचं वजनमाप हातात धरून उभा राहिला. पुढे वर्षभर वजाबाकीत कुणी अडलं की मुलं त्यालाच विचारत. बाईंच्या कामाची पद्धत अशी होती. त्या माणसाला जागा करून देत आणि स्वतः मागे सरकत.

पण त्यांचं खरं काम म्हणजे तो शनिवारचा डबा. तेलाचा पत्र्याचा रिकामा कनस्तर, त्याचं तोंड कापून त्याला जुन्या चादरीची लांब बाही शिवलेली. शनिवारी सुटीच्या आधी सगळी मुलं रांगेने यायची. प्रत्येकाने मूठ बंद करून हात बाहीतून आत घालायचा, बंद मुठीनेच बाहेर काढायचा आणि तसाच खिशात न्यायचा. आत पेन्सिली असत, खोडरबर, साबणाच्या छोट्या वड्या, रिबिनी, कागदात बांधलेले चणे. कुणी काही ठेवून येई, कुणी काही घेऊन येई, कुणी नुसताच हात घालून येई. कुणी काय केलं हे कुणालाच कळत नसे. शिक्षकांनाही रांग चुकत नव्हती, आणि बाई सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहत.

या डब्याचं कौतुक आपल्या इथल्या मराठी मंडळात पुष्कळ झालं आहे. त्याच्याबद्दल दुसरंही पुष्कळ बोललं गेलं आहे. बाईंनी एका मुलीचं नुकसान केलं, त्यापायी त्यांचं मुख्याध्यापकपद गेलं, हे तेलीबागेपासून अमौसीपर्यंतच्या प्रत्येक मराठी घरात चहाबरोबर चघळलं गेलं. मी त्या चहाला हजर असायचे आणि गप्प बसायचे. गौरवलेखात लिहिणाऱ्याने स्वतःबद्दल फार लिहू नये असा संकेत आहे. तो मला आज मोडावा लागणार आहे, कारण ते नुकसान बाईंनी केलं नव्हतं. मी केलं होतं.

मला नोकरीला लागून जेमतेम सात महिने झाले होते. बाईंचे थोरले भाऊ वारले आणि त्या महिनाभर गावी गेल्या. जाताना शनिवारचा डबा माझ्याकडे सोपवला. मला वाटलं, किती सुंदर गोष्ट आणि किती अंधारात चाललीय. जी मुलं देतात त्यांचं नाव नको का व्हायला? त्यांचं बघून बाकीची शिकतील. मी बाही उसवून काढली. मोठ्या चार्टपेपरवर एक झाड काढलं, वर लिहिलं 'नेकी का पेड़', आणि जे मूल काही देईल त्याच्या नावाचं हिरवं पान त्याच्याच हाताने झाडावर चिकटवायचं असं ठरवलं. वस्तू सगळ्यांसमोर डब्यात टाकायची, आम्ही टाळ्या वाजवायच्या. पहिल्या दोन शनिवारांत झाड भरून गेलं. पालक बघून जात, शाळेच्या संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी पाठ थोपटली. मी तरंगत होते.

चौथीतल्या एका मुलीचं पान नव्हतं. शांत मुलगी, अक्षर मोत्यासारखं. वडील विमानतळावर सामान चढवायच्या कामावर होते, घर अमौसीच्या रस्त्याला, आजी रोज टेम्पोने आणून सोडायची. मी तिला प्रेमानेच पुढे बोलावलं, हे आजही मला सांगावंसं वाटतं, जणू त्याने काही फरक पडतो. म्हटलं, "बेटा, सबके पत्ते लग गए, तुम्हारा रह गया. छोटी-सी चीज़ भी चलेगी." तिने मान हलवली. तिला आनंद व्हावा म्हणून मी तिच्या नावाचं पान आधीच कापून, लिहून ठेवलं.

पुढच्या शनिवारी तिने एक खोडरबर आणलं. गुलाबी, सुवासिक, अगदी नवंकोरं. ती ते डब्यात टाकणार तेवढ्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "मैम, ये तो मेरी वाली रबर है. मैंने पहले डाली थी. पीछे मेरा नाम भी लिखा है." तिने रबर उलटं केलं. नाव होतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "अच्छा, तो ये निकालती थी." आणि वर्ग हसला. लहान मुलं वाईट नव्हती हो, त्यांना हसायला मी जागा करून दिली होती. ती मुलगी रडली नाही. रबर माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली. तिचं पान माझ्या हातात होतं.

सोमवारी ती आली नाही. गुरुवारी तिची आजी आली, एकटी. त्याच सकाळी बाई गावाहून परतल्या होत्या, त्यांची बॅगसुद्धा ऑफिसातच होती. आजीने पदराखालून एक कापडी पिशवी काढून टेबलावर ठेवली. आत पेन्सिली होत्या, बऱ्याचशा वापरून बोटाएवढ्या झालेल्या. दोन रिबिनी, धुऊन घड्या घातलेल्या. साबणाची एक अर्धी वडी. आजी म्हणाली, "बहनजी, बच्ची ने कहा है सब लौटा आओ. जो खा लिया वो कैसे लौटाएँ, वो माफ़ कर देना."

त्या म्हातारीने आवाजसुद्धा चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

सेक्रेटरीसाहेबांना कळायचं ते कळलं. ज्यांनी पाठ थोपटली होती तेच आता विचारत होते, हा चार्ट कुणाच्या डोक्यातून निघाला. मी उभी होते. माझं तोंड उघडायच्या आत बाई हळू आवाजात म्हणाल्या, "स्कूल की हेड मैं हूँ. जो हुआ, मेरे कहने से हुआ." मला तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती, आणि मी ते वाक्य बोलले नाही.

डबा बंद झाला. पुढच्या सत्रापासून बाईंना मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून काढून दुसरीचा वर्ग दिला, आणि निवृत्तीपर्यंत त्या तो वर्ग शिकवत राहिल्या. त्यांच्यानंतर आलेल्या मुख्याध्यापिका तीन वर्षांत सोडून गेल्या आणि त्या खुर्चीवर मी बसले. वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. बाई रोज सकाळी माझ्या टेबलावरच्या मस्टरवर सही करायच्या आणि "काय वैशाली, जेवलीस का काल नीट?" असं विचारून वर्गावर जायच्या. माझ्या बाळंतपणात याच बाईंनी चाळीस दिवस मला डबा पोचवला.

ती मुलगी सापडली नाही. बाई कितीतरी रविवार टेम्पोने अमौसीला जात राहिल्या. दोनदा मी बरोबर होते. खोलीला कुलूप होतं. घरमालक म्हणाला, ठेकेदाराने काम बंद केलं, सगळे गावी गेले. कुठलं गाव ते त्याला ठाऊक नव्हतं. परत येताना मी टेम्पोत रडले तेव्हा बाई एवढंच म्हणाल्या, "डब्याला बाही का लावली ते मी तुला सांगितलंच नव्हतं. न सांगता डबा हातात दिला, ती चूक माझीच." त्या हे माझं मन राखायला म्हणाल्या नाहीत. त्यांना ते खरंच तसं वाटत होतं, आणि म्हणूनच मला आणखी जड गेलं.

आज शाळा दुसऱ्यांच्या हातात आहे. फाटकासमोरून मेट्रो जाते. भिंतीवर देणाऱ्यांच्या नावांचा रंगीत बोर्ड आहे, त्यावर मुलांचे फोटोही असतात. बाई तेलीबागेत एकट्या राहतात. साहेब गेले, मुलगा परदेशी, नातवंडं फोनवर हिंदीत बोलतात आणि बाई मराठीत उत्तर देतात. डोळ्यांना फारसं दिसत नाही, गुडघे बसूही देत नाहीत.

अमृतमहोत्सवी ग्रंथाचं ठरलं तेव्हा बाईंनी एकच अट घातली. ग्रंथाच्या शेवटी देणगीदारांची यादी छापायची नाही. आपल्या मंडळातल्या काहींना त्याचं वाईट वाटलं आहे. आता कारण कळेल.

हा लेख छापायला देण्याआधी मी तेलीबागेला जाऊन बाईंना वाचून दाखवला. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच थांबवून म्हणाल्या, "नाव काढ तिचं."

"आणि माझं?"

"तुझं राहू दे. इतकी वर्षं वागवलंस, आता ठेव खाली."

"बाई, लोक तुम्हाला विचारतील, का लपवलंत म्हणून."

"विचारू देत. चहा पाजीन."

मी मुलीचं नाव काढलं. पहिल्या मसुद्यात ते चार वेळा आलं होतं. मी पुन्हा तेच करायला निघाले होते, एवढ्या वर्षांनी, सगळ्या लोकांसमोर. तिच्या नावाचं हिरवं पान अजून माझ्या जुन्या डायरीत आहे. ते मी कुणाला दाखवणार नाही.

निघताना बाईंनी मला कपाट उघडायला लावलं. खालच्या कप्प्यात तो पत्र्याचा डबा होता, त्याला पुन्हा बाही शिवलेली. आत ती आजीची पिशवी, गाठ जशीच्या तशी. "ती आली तर तिचं तिला द्यायचंय," बाई म्हणाल्या. "हात घालून घेईल."

ती मुलगी आता चांगली मोठी बाई झाली असेल. ती कुठल्या गावी आहे, पुढे शिकली की नाही, मला माहीत नाही. हा कबुलीजबाब तिच्या हाती पडला तरी तिला तो वाचता येणार नाही, तिला मराठी येत नव्हतं. मी माफी मागितली तीही अशा भाषेत, जिथे ती पोचणार नाही. हे लिहिताना मला कळतं आहे.

बाईंना पंच्याहत्तरीनिमित्त उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो, असं या ग्रंथात सगळेच लिहितील, आणि सगळ्यांचं मनापासूनचं असेल. माझी इच्छाही तीच आहे, फक्त मला ते आयुष्य एका कामासाठी हवं आहे. बाईंचे डोळे थोडे टिकोत, गुडघे दारापर्यंत चालोत. कधीतरी कुणी दार वाजवलं, तर उघडायला बाईच असाव्यात. मी असले, तर ती परत जाईल.