वाटणीत आलेला मोहा

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, असा काही डाव टाकला की अख्खं गाव आधी हसलं आणि मग जळलं. धानाची बांधी त्यांनी माझ्या वडिलांना देऊन टाकली आणि स्वतःला मागून घेतली जंगलातली सात मोहाची झाडं!

"नांगर नाही, रोवणी नाही, पान्यासाठी वर पाहणं नाही," पंचांसमोर हात नाचवत ते म्हणाले. "पहाटे जाचं, टोपलं भरून आणाचं. तू मर लेका चिखलात!"

तुम्ही विचाराल, जंगल सरकारचं, झाडं वाटली कशी? अहो, आमच्याकडे अशीच वाटून घेत! कोणत्या मोहाखालचा पाला झाडून फुलं कोणत्या घरानं वेचायची, हे आजोबा-पणजोबांपासून ठरलेलं. लेकीला आंदणात मोहाचं झाड दिलेलं मी पाहिलं आहे. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कोणी उचलत नसे. कागद काय तो सरकारजवळ होता, आणि तो पाहायला मागावा असं कोणाच्या मनातही आलं नाही.

मग ते जंगल वाघासाठी राखीव झालं. वाटेवर फाटक बसलं, प्रवेशबंदीचा फलक लागला. मोठे बाबा चक्क खूश! "बरं झालं. आता चोराची भीती नाही."

मोहा गळायला लागल्यावर ते टोपलं घेऊन ऐटीत फाटकावर गेले. गार्ड म्हणाला, "आत जाता येत नाही, बाबाजी."

"मले येते. माही झाडं आहेत आत."

"आत सगळं वाघाचं आहे आता."

"वाघ मोहा खाते का रे?"

गार्ड हसला. फाटक उघडलं नाही. त्या वर्षीही नाही, पुढच्याही नाही. त्या सात झाडांवर ज्यांचं वर्ष निघायचं, ते मोठे बाबा म्हातारपणी माझ्या बांधीत रोजीनं पऱ्हे, म्हणजे रोवणीची रोपं, उपटायला आले. वडील गेल्यावर बांधी माझ्याकडे आली होती. अर्धी तुमच्या नावानं करतो म्हटलं, तर चिखलातूनच ओरडले, "पंचांपुढं झालेली वाटणी मोडाले लावतोस काय बे? माही झाडं आहेत ना!"

शेवटी त्यांना झाडं दाखवायला मीच एक शक्कल लढवली. त्याच फाटकातून पर्यटकांच्या उघड्या गाड्या सुटतात. दोन जागा घेतल्या. मोठ्या बाबांनी लग्नातला सदरा घातला. त्यांच्या बायकोनं, म्हणजे मोठ्या आईनं, सदऱ्याची गुंडी लावताना बजावलं, "कोणतं झाड किती गळून राहिलं ते नीट पाहून या."

पहाटेच्या गार हवेत वास आधी आला, मग झाडं दिसली. खाली पिवळी-पांढरी फुलं अशी अंथरलेली, की पाला दिसेना. तीन चितळं आरामात चरत होती.

"थांबव, थांबव!" मोठे बाबा उठून उभे राहिले.

गाडी थांबली. मागचे पर्यटक कुजबुजले, "वाघ?"

"खाली बसा जी, उतरता येत नाही," गाइड हळूच म्हणाला.

"एक मूठ घेतो फक्त."

"माही नोकरी जाईन, बाबाजी."

मोठे बाबा खाली बसले. चितळांचे फोटो निघेपर्यंत गाडी तिथंच होती. झाडं डाव्या हाताला होती. हा माणूस उजवीकडे, नुसत्या बांबूंकडे बघत बसला.

घरी मोठी आई दारातच उभी होती. "काय म्हणते आपला मोहा?"

गावभर तिखटमीठ लावून गोष्टी सांगणारा मी, चपला काढायला खाली वाकलो.

"नाही गळला यंदा," मोठे बाबा सदरा काढत म्हणाले. "सातही झाडं कोरडी."

मोठ्या आईचा चेहरा उजळला. "मंग चांगलंच झालं बाई! फाटक उघडं असतं तरी आपल्याले काय भेटलं असतं?"