दुपारी काढलेली झापडं

श्यांग ग्वेइजू एकवीस वर्षं गिनीपिगांचे डोळे मोजत होती, पण कुणी विचारलं तर "दवाखान्यात कामाला आहे" एवढंच सांगायची. खरं सांगितलं की वेनचौ शहराच्या बाजारातली मासळीवाली हातातली सुरी खाली ठेवून विचारायची, "अगं, चष्मे लावणार आहात की काय त्यांना?"

"चष्मे तुझ्या नातवंडांना लागलेत. त्यांचा नंबर वाढू नये म्हणून हा सगळा खटाटोप," ग्वेइजू म्हणायची. मग मासळीवाली पुन्हा सुरी उचलायची, कारण तिची तिन्ही नातवंडं सोडावॉटरच्या बाटल्यांसारखे चष्मे लावून फिरत होती.

काम दिसायला सोपं होतं. जनावर टॉवेलात गुंडाळायचं, डोळ्यात बधिर करणारा थेंब टाकायचा आणि पेनाएवढी दांडी बुबुळाला जेमतेम टेकवायची. यंत्रावर डोळ्याची लांबी उमटायची, आठ मिलिमीटर आणि वर काही शतांश. डोळा लांबला की लांबचं धूसर दिसतं, त्यामुळे सगळी मारामारी त्या शतांशांची. दांडी कणभर दाबली गेली तर डोळा चेपतो आणि आकडा चुकतो. ग्वेइजूचा हात इतका हलका होता की जनावर टॉवेलात कोबी चघळत राहायचं. प्रयोगशाळेचे प्रमुख बाओ सर पाहुण्यांना सांगायचे, "यंत्र बिघडेल, पण आमच्या श्यांगताईंचा हात बिघडायचा नाही." हे ऐकून ती दिवसभर फुगलेली असायची. माणसाला आपलं कौतुक कधी कुठे नेऊन सोडेल, सांगता येत नाही.

डॉक्टरेट करायला आलेला लीयांग डोंगराकडच्या गावचा. बापाचं बांबूचं बन, घरात शिकलेला हा पहिलाच. एका नव्या औषधाच्या थेंबाने डोळ्याचं लांबणं थांबतं का, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी आधी डोळा लांबवावा लागतो. वाढदिवसाचे पांढरे फुगे कापून गिनीपिगांना टोपरी घालायची, एक डोळा उघडा आणि दुसऱ्यावर फुग्याचं झापड. झापडातून नुसतं धुकं दिसतं आणि पंधरा दिवसांत तो डोळा लांबतो. पिंजऱ्यात एकेकच जनावर; अर्ध्या पिंजऱ्यांना खरा थेंब, अर्ध्यांना साधा पाण्याचा. कोणता कुणाला, ते ग्वेइजूला ठाऊक नसायचं. टोपरी कापायची, जनावरांचं बघायचं आणि डोळे मोजायचे, एवढं तिचं काम.

दोनच दिवसांत सहा पिंजऱ्यांतल्या जनावरांना थेंब झोंबायला लागला. रबराखाली पापण्या लाल झाल्या, कातडी सोलवटली. बिचारी पुढच्या पायांनी तोंड घासत बसायची.

"लीयांग, बघ रे यांच्याकडे. जीव आहे त्यांना."

"मावशी, पंधराच दिवस. हात लावू नका हं त्यांना, माझी शपथ आहे."

बारा वाजता सगळी इमारत जेवायची, घडीच्या खाटा उघडायची आणि दीड वाजेपर्यंत घोरायची. तिथे दुपारची झोप कुणी चुकवत नाही. लीयांगही टेबलाखाली पाय पसरून, तोंडावर टोपी घेऊन आडवा व्हायचा. ग्वेइजूला मात्र दुपारी झोप लागायची नाही. त्याच दुपारी तिने त्या सहा पिंजऱ्यांतली टोपरी उतरवली. सगळं जग विसावा घेतं, तर यांनाही तासभर वारा लागू दे. सव्वा वाजता पुन्हा चढवली. पंधरवडा भरेपर्यंत असंच चाललं. तिला त्यात पाप वाटलं नाही, उलट रात्री झोप छान लागायची.

मोजणीच्या दिवशी ती आकडा वाचायची आणि लीयांग वहीत लिहायचा. सहा डोळे लांबलेलेच नव्हते, आणि खरा थेंब त्यांनाच होता. लीयांगने तिला खुर्चीसकट गरकन फिरवलं. "मावशी, लागू पडला!" त्या दिवशी त्याने सगळ्यांना माशाच्या गोळ्यांचं सूप पाजलं.

पुढच्या खेपेला त्याने थेंब पातळ केला. पापण्या लाल झाल्या नाहीत, म्हणून ग्वेइजूनेही टोपरी काढली नाहीत. सगळे डोळे लांबले. पुन्हा जुना जहाल थेंब घेतला, तेव्हा ती मुलीच्या बाळंतपणाला गेली होती. तेव्हाही लांबले.

बाओ सरांनी सगळ्यांना बोलावलं. "झापडं कुणी काढली होती का? दिवसातून तासभर डोळा उघडा राहिला, तरी सगळ्यावर पाणी पडतं."

त्या तासाची किंमत ग्वेइजूला त्या क्षणी पहिल्यांदा कळली.

"नाही सर," लीयांग म्हणाला. "दुपारभर मावशी तिथेच असतात. विचारा ना त्यांना."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि एकवीस वर्षांचं नाव एका वाक्यात मातीत गेलं असतं. "झापडं जागेवरच होती," ती म्हणाली.

"मोजणीत श्यांगताई चुकत नाहीत," बाओ सर म्हणाले. "मग वहीत काय झालं, लीयांग?"

चार वेळा तो नाही म्हणाला. पाचव्यांदा मान खाली घालून त्याने आकडे बदलल्याच्या कबुलीवर सही केली. डॉक्टरेट सोडून जाताना तो तिच्याही पाया पडला. तिने त्याला उठवलं, पण तोंड उघडलं नाही. त्या दिवसाची तिला आजही लाज वाटते.

निवृत्त झाल्यावर महिन्याभरातच ती नदीपलीकडच्या चष्म्याच्या दुकानात गेली. लीयांग तिथे नंबर तपासायचा. आता तिला कुणाचं भय नव्हतं. हे धैर्य फार स्वस्त आहे, हे तिला कळत होतं. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगून टाकलं.

लीयांगने बराच वेळ काच पुसली. मग विचारलं, "किती वेळ उघडी ठेवायचात?"

"तासभर. कधी सव्वा तास."

"म्हणजे आकडे खरे होते." तो हसला, पण ते हसणं टिकलं नाही. "मावशी, सही केली तेव्हा मला ठाऊक होतं, मी काही केलेलं नाही. नंतर मात्र वाटायला लागलं, केलंही असेल. हवं होतं म्हणून मला तसं ऐकू आलं असेल."

"मी लिहून देते. आत्ताच्या आत्ता चल बाओ सरांकडे. मला काय म्हणायचं ते म्हणू देत."

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. लीयांगने मुलीची हनुवटी यंत्रावर टेकवली, बटण दाबलं, पेन उचललं आणि थांबला. "ताई, जरा इकडे या. पडद्यावर काय आलंय, वाचा."

"अहो, वाचता येत नाही का तुम्हाला?"

"वाचा ना."

"तीन पॉइंट पंचवीस."

मगच त्याने लिहिलं. "असाच आहे हा," गल्ल्यावरची मालकीण ग्वेइजूला म्हणाली. "एक आकडा एकट्याने लिहील तर शपथ. गिऱ्हाइकं वैतागतात."

ग्वेइजू त्याच्या हाताकडे बघत राहिली. आकडे खरे होते, हे आता त्याला कळलं होतं. त्याने मुलीचा दुसरा डोळा यंत्रासमोर आणला, पडदा पाहिला आणि पुन्हा तिच्या आईला हाक मारली.